टेकायला चार बोटं कमी

माझी उंची पाच फूट एक इंच आहे. हा वरचा एक इंच मी न विसरता सांगतो, कारण मी नाही सांगितला तर तो कुणाच्या लक्षात येत नाही.

माझा मेव्हणा राहुल चांगला सहा फूट आहे. नोकरी बोटीवर. (बोटीवर एवढ्या उंचीचा काय उपयोग, देव जाणे.) यंदा नऊ महिन्यांसाठी निघताना तो आपली नवीकोरी, डोंगरदऱ्यांत चालवायची ती उंच मोटरसायकल आमच्या भाईंदर पूर्वेच्या सोसायटीत लावायला आला. चावी माझ्या हातात देत म्हणाला, "भावोजी, बिनधास्त चालवा. फक्त एकदा जरी आडवी झाली, तर गिरीश येऊन घेऊन जाईल."

गिरीश म्हणजे जवळच्याच राई गावात राहणाऱ्या, माझ्या बायकोच्या मावशीचा मुलगा. तोही सहा फूट. माझ्या सासरी सगळे सहा फुटांच्या आसपास आहेत, एक बायको वैशाली सोडून. ती बरोब्बर पाच फूट, म्हणून तर आमचं जमलं.

वॉचमनच्या केबिनला लागून एक ओटा आहे. त्याच्यावर चढून मी पहिल्यांदा त्या सीटवर बसलो आणि मला समोर उभ्या असलेल्या सोसायटीच्या चेअरमनचं टक्कल दिसलं. तेही वरून! अठ्ठेचाळीस वर्षं मी माणसांच्या हनुवट्या बघत आलोय. खरं सांगतो, इतकं बरं वाटलं की ही गाडी मी जिवात जीव असेतो गिरीशच्या हाती लागू देणार नाही, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

चालवण्यात काहीच अडचण नव्हती. अडचण थांबण्यात होती. दोन्ही पाय खाली सोडले तर दोन्ही हवेत. एक टेकवायला गेलो तर अर्धा मी सीटवरून घसरायचो, आणि उरलेल्या अर्ध्याला तिथे एकट्यानं बसवायचं नाही. म्हणून मी फूटपाथ पाठ केले. कुठला सलग आहे, कुठला मधेच तुटलाय, कुठल्या सिग्नलला डावीकडे दगड आहे, हे मला महापालिकेपेक्षा जास्त ठाऊक झालं. सिग्नल लाल झाला की मी डाव्या कडेला जायचो, फूटपाथवर ऐटीत पाय ठेवायचो आणि कुणाची तरी वाट बघतोय असा चेहरा करायचो. एकदा माझ्या आणि फूटपाथच्या मधे शेअर रिक्षा घुसली. इलाज नव्हता, मी पाय रिक्षात ठेवला. रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "आ जाओ, एक सीट खाली है."

दसऱ्याच्या दिवशी सकाळी वैशाली म्हणाली, "अहो, आज राईला मावशीकडे जाऊ. सोनं देऊन येऊ. जाताना केबिन रोडला झेंडूची फुलं घ्यायचीत."

"रिक्षानं जाऊया ना."

"का? दारात एवढी गाडी उभी आहे. की तुम्हाला येत नाही?"

झालं. पुरुषाला एवढं पुरतं.

केबिन रोडला फूटपाथ नावाची वस्तू त्या दिवशी नव्हती. झेंडू, आपटा, तोरणं आणि त्यांच्यावर ओणवी झालेली माणसं. पाय ठेवायला जागा नाही असं आपण उगाच म्हणतो, मला ते शब्दशः भोवलं. मी एका फुलवाल्यासमोरून हळूहळू पुढे गेलो.

"अहो, थांबा की!"

"भाव विचारून घे," मी म्हणालो, "मी वळून आणतो."

मागच्या गल्लीतून वळसा घालून आम्ही पुन्हा आलो. पहिल्या फेरीत वैशालीनं भाव विचारला. दुसऱ्या फेरीत "भैया, कुछ तो कम करो" म्हणाली. तिसऱ्या फेरीत त्यानं काय ते उत्तर दिलं. चौथ्या फेरीत तिनं पैसे त्याच्या टोपलीत टाकले आणि पाचवीत त्यानं पिशवी अशी नेमकी फेकली की तिनं ती हवेतच झेलली. शेजारचा फुलवाला त्याला म्हणाला, "ये नया होम डिलिव्हरी है क्या?" वैशालीनं राईपर्यंत ती पिशवी तोंडासमोर धरली.

मावशीच्या दाराला रुंद ओटा आहे आणि सगळा भरवसा मी त्या ओट्यावर ठेवला होता. तर ओट्यावर मावशीच्या घरची आठ माणसं नवे कपडे घालून आमची वाट बघत बसलेली. एकही उठेना. आणि पुढे अंगणात, हाताची घडी घालून, गिरीश उभा. त्याची नजर माझ्याकडे नव्हती, गाडीकडे होती.

अंगणाच्या मधोमध तुळस. मी तुळशीला वळसा घातला. ओट्यावरचं कुणी उठलं का बघितलं. नाही. आणखी एक वळसा घातला.

"अहो, काय करताय?" वैशाली कानात कुजबुजली.

"थांबायला जागा बघतोय."

"तुळशीला हात जोडते मी. तुम्ही चालवत राहा," ती म्हणाली. बाई हुशार आहे, हे मान्य करायलाच हवं.

तिसऱ्या फेरीला मावशी ओट्यावरून ओरडली, "गं बाय, जावय तुलशीला फेरं घालतंय! गाडीचा दसरा करतंय. असा देवभोला जावय मिलायला नशीब लागतं."

चौथ्या फेरीला शेजारच्या दोन म्हाताऱ्या कुंपणाच्या गडग्यापाशी येऊन हात जोडून उभ्या राहिल्या. पाचव्या फेरीला कुणीतरी आमच्यावर अक्षता टाकल्या. त्यातल्या दोन माझ्या डोळ्यात गेल्या. "पुऱ्या अकरा करा हो," एक म्हातारी म्हणाली, "पाचवर सोडू नुको." मला सोडायचंच तर होतं! हात भरून आले, गाडी डुलायला लागली आणि गिरीशनं हाताची घडी सोडली.

तेवढ्यात मावशी आरतीचं ताट घेऊन उतरली. जावई दसऱ्याला दारात आला की त्याला पाटावर बसवून ओवाळायचं, ही त्या घरची रीत. तुळशीशेजारी रांगोळी होती, तिच्यावर मावशीनं पाट मांडला. चांगला जुना, शिसवी, चार बोटं उंच पाट. आयुष्यभर मला कमी पडलेली ती चार बोटं माझ्यासमोर हळदकुंकू लावून ठेवलेली होती.

मी गाडी नेमकी पाटाशेजारी आणली आणि डावा पाय पाटावर ठेवला. गाडी थांबली. खांबासारखी उभी राहिली.

"बसा की पाटावर," मावशी म्हणाली.

"नको मावशी, गाडीसकट ओवाळा. तिचाही सण आहे."

मावशीनं आम्हा दोघांना ओवाळलं. गिरीशनं पाटाकडे पाहिलं, मग माझ्या पायाकडे पाहिलं आणि गुपचूप आत निघून गेला. निघताना मी मावशीकडे तो पाट मागितला. "आमची आठवण पायजे न्हाय का, म्हणून," असं म्हणत तिनं डोळ्यांना पदर लावला. मला फार लाज वाटली, पण पाट घेतला.

मग आमची पद्धत बसली. पाटाला दोन भोकं पाडून सुतळी ओवली. वैशाली मागे पाट मांडीवर घेऊन बसायची. सिग्नल आला की ती विहिरीत घागर सोडावी तसा डावीकडून पाट खाली सोडायची, मी त्याच्यावर पाय ठेवायचो, आणि हिरवा झाला की ती सुतळी ओढून पाट वर घ्यायची. दोन आठवडे गाडी आडवी झाली नाही. लोक बघायचे, पण वरून मला त्यांची टकलंच दिसायची, चेहरे नाही.

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी सिग्नलला शेजारच्या रिक्षाचं चाक पाटाच्या कडेवर चढलं. वैशालीनं ओढलं, सुतळी तुटली. "थांबा, मी काढते," म्हणून ती खाली उतरली. सिग्नल हिरवा झाला, रिक्षा सुटली, मागून बसनं हॉर्न दिला आणि सवयीनं माझा क्लच सुटला. बरंच पुढे जाईपर्यंत मी तिला दिवाळीत सोफ्याची कव्हरं बदलायला हवीत हे समजावत होतो. ती चक्क काहीच आक्षेप घेईना, तेव्हा मला संशय आला.

परत जाऊन उपयोग नव्हता. तिच्याकडे जायचं तर वळायच्या सिग्नलला थांबायला हवं, आणि थांबायचं तर पाट हवा, आणि पाट तिच्याकडे. फूटपाथवर कंदीलवाले आणि पणतीवाले. मी सरळ सोसायटी गाठली. ओट्यापाशी वॉचमन दोन्ही हात पसरून उभा होता. "साब, अभी कलर किया है! गीला है!"

मी बिल्डिंगला फेऱ्या घालायला लागलो.

अर्ध्या तासानं वैशाली रिक्षानं आली. पाट तिच्या काखेत. मला वाटलं, सुटलो. तिनं पाट गेटजवळ मांडला आणि त्याच्यावर स्वतः बसली.

"वैशाली, पाट दे गं," मी जाता जाता म्हणालो.

पुढच्या फेरीला उत्तर आलं. "भर रस्त्यात सोडून गेलात मला."

"चुकलं. पाट दे."

"गाडी हवी की मी?"

या प्रश्नाला मी लगेच उत्तर दिलं असतं, पण तोवर मी बिल्डिंगच्या मागे पोचलो होतो. (ती अजून म्हणते की मी विचार करायला वेळ घेतला.) पुन्हा गेटपाशी आलो तेव्हा कंबर गेली होती, हात बधिर झाले होते. मी रडकुंडीला येऊन म्हणालो, "गिरीशला फोन कर. गाडी घेऊन जा म्हणावं."

"मघाशीच केलाय. निघालाय तो राईहून," ती म्हणाली. "तोवर फिरा."

गिरीश आला. त्यानं एका हातानं हँडल धरून गाडी थांबवली, दुसरा हात माझ्या काखेत घातला आणि मला अलगद उचलून जमिनीवर ठेवलं. गाडी शेवटपर्यंत एकदाही आडवी झाली नाही, हे मी त्याच दिवशी राहुलला अभिमानानं कळवलं. मला कसं उतरवून घ्यावं लागलं, ते वैशालीनं फोटोसकट कळवलं.