सूत्राचा कर्ता

तलावावरच्या ताईंचं आणि त्यांच्या सासूबाईंचं बोलणं बंद झालं ते एका कपाटावरून. सासूबाई लेकीकडे राहायला गेल्या असताना ताईंनी त्यांचं लाकडी कपाट बाल्कनीत हलवलं. ओलीनं त्याचं दार फुगलं. तेव्हापासून कपाटाचं दार मिटेना आणि सासूबाईंचं तोंड उघडेना. घरातला सगळा व्यवहार नवऱ्यामार्फत चाले. "तिला सांग, दूध उतू चाललंय," असं सासूबाई मुलाला म्हणत. तो उठून स्वयंपाकघरात निरोप पोचवी, तोवर दूध ओट्यावर आलेलं असे.

ताई पोहण्याच्या तलावावर कामाला होत्या. जाळीनं पाण्यातला पालापाचोळा काढायचा, कपडे बदलायच्या खोल्या धुवायच्या, काठावर पळणाऱ्या पोरांवर ओरडायचं. तिथले पंपवाले काका निवृत्त व्हायला आले तेव्हा मॅनेजर म्हणाले, "ताई, काकांची जागा तुम्हीच घ्या. फक्त एक लेखी परीक्षा आहे."

'फक्त' म्हणायला मॅनेजरांचं काय जात होतं! ताईंचं आणि गणिताचं शाळेपासून वाकडं.

परीक्षेच्या पुस्तकात तलावात टाकायच्या क्लोरीनच्या भुकटीचं एक सूत्र होतं. भुकटी म्हणजे पाणी गुणिले वाढ, भागिले ताकद. तलावात पाणी किती, त्यातलं क्लोरीन किती वाढवायचंय आणि भुकटी किती कडक, एवढं कळलं की भुकटी किती टाकायची ते निघतं. इथपर्यंत ताईंची गाडी रुळावर होती. पुढचा प्रश्न मात्र उलटा होता. भुकटी टाकून झाली आहे, तर वाढ किती झाली असेल? सूत्राचा कर्ता बदला, म्हणजे भुकटीच्या जागी वाढ एकटी आणा.

घरातला कर्ता बदलायला एक पिढी जावी लागते. इथे तो दोन ओळींत बदलायचा होता.

सुट्टीची दुपार होती. नवरा टेम्पो घेऊन बाहेर गेलेला. सासूबाई आतल्या खोलीत पलंगावर, मोडलेला पाय प्लॅस्टरमध्ये. जन्मभर शाळेत गणित शिकवलेली बाई. उठून दुसरीकडे जायची सोय नव्हती.

"वाढ एकटी ठेवायची," ताई बाहेर मोठ्यानं वाचत होत्या. "म्हणजे पाणी पलीकडे. पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं. वजा पाणी."

आत पलंग करकरला.

"ताकद पलीकडे. वजा ताकद."

"भागिले!" सासूबाई ओरडल्या. "पाणी वजा नव्हे, भागिले! कुणी शिकवलंय गं तुला?"

ताईंनी सवयीनं नवऱ्याच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती. मग वही घेऊन त्या स्वतःच आत गेल्या.

"शाळेत असंच सांगायचे, आई. पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं."

"पलीकडे कुणी जात नाही. मधे काय नदी आहे? दोन्ही बाजू सारख्या असतात. एकीला जे करशील ते दुसरीलाही करायचं, एवढंच. बस."

"उभी बरी आहे मी."

"बस म्हटलं ना!"

ताई बसल्या.

"वाढीला काय चिकटलंय?"

"पाणी."

"कसं चिकटलंय?"

"गुणून."

"मग सुटेल कसं?"

"...भागून?"

"दोन्हीकडे. आणि खाली ताकद बसलीय ती?"

"भागून बसलीय. म्हणजे गुणायचं. दोन्हीकडे."

ताईंनी लिहिलं: वाढ म्हणजे भुकटी गुणिले ताकद, भागिले पाणी. वाढ एका बाजूला एकटी उभी होती. इतक्या सहज ती मोकळी झालेली पाहून ताईंना आपल्या हातून काहीतरी मोडलं की काय अशी भीती वाटली.

"बरोबर आहे?"

"आकडे घालून बघ. मला काय विचारतेस?"

त्यानंतर रोज तलावावरून आल्यावर ताई आत बसू लागल्या. बोलणं सुरू झालं असं काही म्हणता येणार नाही. चहा हवा असला तर सासूबाई अजूनही मुलाचीच वाट बघत. बोलायचं ते गणितापुरतं. एकदा कंसाचं उदाहरण काही केल्या सुटेना, तेव्हा ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"रडून कंस सुटत नाही," सासूबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "कपाट हलवायच्या आधी विचारलं असतंस, तर मी हो म्हटलं असतं."

"नसतं म्हटलं, आई."

सासूबाईंनी विचार केला. "नसतं," त्या म्हणाल्या. "पुढचं वाच."

ताई परीक्षेत पास झाल्या. एका उदाहरणात लिटरचे घनमीटर करायचे राहिले आणि उत्तर भलतंच मोठं आलं, एवढंच. सासूबाईंनी पास झाल्याची बातमी ऐकून घेतली आणि त्या लिटरबद्दल दोन दिवस बोलत राहिल्या. नवऱ्याला मधे पडायची संधी मिळाली नाही. तो हिरमुसला होता की सुटला होता, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता.

पुढे प्लॅस्टर निघालं आणि डॉक्टरांनी सासूबाईंना पाण्यात चालायचा व्यायाम सांगितला. ताईंनी त्यांना सकाळी, गर्दी नसताना, तलावावर नेलं. शिडीच्या पहिल्या पायरीवर सासूबाई थबकल्या. त्या जन्मात कधी पाण्यात उतरल्या नव्हत्या, आणि हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"खोल किती आहे गं?" त्यांनी विचारलं.

"इथे कमरेएवढंच, आई. चला."

सासूबाईंनी ताईंचा हात गच्च पकडला. ताई त्यांच्याबरोबर एकेक पायरी उतरत गेल्या, आणि नव्या कामाचा कोरा करकरीत गणवेश कमरेपर्यंत भिजला.