स्टेक आणि कुकरची शिट्टी

आमच्या वरच्या मजल्यावरचे भाई मांसाची जेवढी काळजी घेतात, तेवढी त्या जनावराची त्याच्या आईनेही कधी घेतली नसेल. गृहस्थ दापोलीकडचे, सौदीत जेद्द्याच्या शराफिया भागात एकटेच राहतात, एका गोदामावर सुपरवायझर आहेत, आणि गोदामातून सुटले की ओव्हनसमोर उभे असतात. सुरी मांसाच्या धाग्यांना आडवी कशी फिरवायची हे ते खाटकालाच शिकवतात. तो बिचारा ‘खलास, खलास’ म्हणत हे मागतील तसे जाड काप करून देतो. घरी आणलेला काप, म्हणजे त्यांचा स्टेक, ते तान्ह्या बाळाचं अंग टिपावं तसा कोरडा करणार, मीठ चोळून रात्रभर फ्रीजमध्ये उघडा ठेवणार, आणि एकदा का तो मंद ओव्हनमध्ये गेला की आम्हाला मोठ्याने बोलायचीही चोरी. मांस कितपत झालंय हे ते बोटाने दाबून, मग स्वतःच्या अंगठ्याखालचा तळवा दाबून ताडतात. हा नाद इतका अंगात भिनलेला, की एकदा गोदामावर आलेल्या नव्या मॅनेजरशी हात मिळवताना त्याचा तळवा दाबून म्हणाले, “अजून पाच मिनिटं.” कुकर मात्र त्यांच्या डोक्यात जायचा. बायकोने गावाहून बळेच दिलेला कुकर त्यांनी कपाटाच्या तळाशी, चपलांच्या मागे टाकला होता.

हे सगळं कशासाठी, ते अम्मा येणार म्हटल्यावर कळलं. भाईंच्या अम्मांचे सगळे दात गेलेले, कवळी फक्त फोटोपुरती. कित्येक वर्षं त्या आपल्या ताटातल्या मांसाच्या बोट्या दुसऱ्यांच्या ताटात सारायच्या आणि ‘मला रस्साच आवडतो’ म्हणत भाकरी बुडवून खायच्या. त्या मक्केला उमऱ्याच्या यात्रेला येतील तेव्हा एकदा तरी त्यांना पोटभर मांस खाऊ घालायचं, एवढा एकच ध्यास या माणसाने घेतला होता. दर शुक्रवारी आम्ही शेजारी त्यांच्याकडे जे चाखत होतो ती नुसती तालीम होती.

अम्मा आल्या. शुक्रवारी भाईंनी स्टेक ओव्हनमधून काढला, लोणी-लसणावर दोन्ही बाजूंनी परतला आणि वर फॉइल झाकलं. आता त्याला विश्रांती द्यायची, रस आत मुरतो, असं त्यांनी मला बजावलं आणि आम्ही दोघे जुम्म्याच्या नमाजाला गेलो. येताना रोट्यांसाठी रांगेत बराच वेळ मोडला. जिना चढत होतो तोच वरून कुकरची शिट्टी ऐकू आली. भाई एका पायरीवर तसेच उभे राहिले. मग दुसरी शिट्टी झाली.

अम्मा ओट्यापाशी उभ्या होत्या, सगळं घर भाजलेल्या खोबऱ्याच्या वासाने भरलेलं. “अरे, कच्चंच ठेवून गेलास की,” त्या म्हणाल्या. “आतून लाल होतं. तुझी ती पेटी बिघडली वाटतं. चपलांमागे कुकर सापडला, त्यात बोट्या करून शिजवलं.”

भाईंनी ताटं घेतली. अम्मांनी सवयीप्रमाणे आपल्या बोट्या त्यांच्या ताटात सारल्या. त्यांनी एक उचलून परत अम्मांपुढे धरली. अम्मांनी ती तोंडात घेतली, हिरड्यांनी दाबून पाहिली आणि गिळली. मग आपला हात पुढे करून दुसरी घेतली, मग तिसरी. “माझ्या हातची चव गेली नाही हो अजून,” त्या खुशीत म्हणाल्या. भाई “नाहीच गेली” म्हणाले आणि आणखी वाढायला उठले. चेहरा पुसायला ते मोरीत गेले ते मी पाहिलं.

अम्मा गावी परतल्या आणि पुढच्या पावसाळ्यात गेल्या. भाईंना मातीला पोचता आलं नाही. आता कुकर ओट्यावर असतो. दर शुक्रवारी भाई स्टेक काढतात, फॉइल झाकतात आणि नमाजाला निघतात. परत येईपर्यंत तो थंडगार झालेला असतो. एवढी विश्रांती कशाला, असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाले, “असू दे.” जिना चढताना त्या पायरीवर ते जरा थांबतात. मीही थांबतो.