तिसरा ट्रे

ऑफिसात सगळे त्यांना वजनकाका म्हणत. तळमजल्यावरची टपालखोली, तिथला वजनकाटा आणि टपालखर्चाचा शिक्का मारायचं मशीन, एवढाच त्यांचा संसार. त्यांची पद्धत साधी होती. पातळ पाकिटं पहिल्या ट्रेत, जाड दुसऱ्यात, खोकी तिसऱ्यात. एका वजनाची पाकिटं एकत्र आली की मशीन एकदाच लावायचं आणि सपासप शिक्के मारत सुटायचं. सरमिसळ आली की प्रत्येक पाकीट काट्यावर चढवा, आकडा बदला, पुन्हा पुढचं चढवा. हे वरच्या मजल्यांना सांगून सांगून काकांचा घसा कोरडा पडला होता. लोक हो हो म्हणत आणि सगळं एकाच पोत्यात कोंबून पाठवत. तिसऱ्या ट्रेत तर कुणी छत्री टाके, कुणी रिकामा डबा, कुणी हेल्मेट. शेवटी काकांनी त्या ट्रेचा नादच सोडला आणि खोकी जमिनीवर रचायला लागले.

त्या दिवशी मात्र त्यांनी सकाळीच तो रिकामा केला, पुसला आणि स्वतः तिकिटं लावलेलं एक छोटं पार्सल त्यात ठेवलं. आत ताईचा चष्मा होता. त्यांची ही थोरली बहीण लांबच्या गावी शिवणकाम करायची. चष्मा फुटल्यापासून तिचं काम अडलं होतं आणि सोमवारी शाळेचे गणवेश द्यायचे होते. पार्सल आजच्या टपालगाडीत चढलं तर उद्या तिच्या हातात पडणार होतं. चुकलं तर गणवेश बोंबलले.

गाडीची वेळ होत आली तशा अकाउंट्सच्या मॅडम पोतं ओढत आल्या.

"काका, हे आजच गेलं पाहिजे हं."

"सकाळपासून काय करत होता? निदान वेगवेगळं तरी करायचं."

"तुम्हीच करा ना. तुमचा हात बसलाय."

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडायलाही वेळ नव्हता. त्यांनी पोतं टेबलावर उपडं केलं. चिठ्ठीएवढ्या पाकिटाला चिकटून विटेएवढा गठ्ठा, असा सगळा काला. ते पाठमोरे होऊन निवडायला लागले. मॅडमनी रिकामं पोतं नेहमीच्या जागी, तिसऱ्या ट्रेत टाकलं आणि निघून गेल्या.

शेवटचा शिक्का बसला तेव्हा ड्रायव्हर दारात येऊन उभा होता.

"अजून काही?"

काकांनी नजर फिरवली. टेबल रिकामं, जमीन रिकामी. तिसऱ्या ट्रेत नेहमीचा पसारा. तिकडे कोण बघतो!

"झालं सगळं. जा."

गाडी गेली. काका घाम पुसतात तोच फोन वाजला.

"निघाला का रे चष्मा?" ताईने विचारलं.

"निघाला की," असं म्हणताना त्यांनी सवयीने ट्रेतलं पोतं उचललं. खाली पार्सल तसंच पडलं होतं.

"ताई, राहिला गं. माझ्याच ट्रेत राहिला."



"आणि बाकीच्यांचं?"

"गेलं. सगळं गेलं."

"ते बरं जमतं तुला," ताई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.