काकू, आई आणि रिकाम्या कडा

माझी काकू दातांच्या कवळ्या बनवते. घराच्या तळमजल्यावर तिची कामाची खोली आहे. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, मेणाचा वास, पॉलिशच्या मोटारीची घरघर. दवाखान्यातून माप आलं की काकू मेणात एकेक दात बसवते, साचा बंद करते आणि गरम पाण्यात ठेवून देते. मग बराच वेळ नुसतं थांबायचं असतं. त्या रिकाम्या वेळात, पन्नाशी जवळ आल्यावर, ती फुटबॉलच्या नादी लागली.

खरं तर नाद काकाला लागायचा होता. कॉम्प्युटरवरचा हा गेम त्यानेच आणला. त्यात आपण स्वतः चेंडूला पाय लावत नाही. आपण क्लबचे मॅनेजर. कोणाला खेळवायचं, कोणी कुठे उभं राहायचं ते ठरवायचं, आणि सामना सुरू झाला की पडद्यावर पळणारे ठिपके बघत बसायचं. काकाने आठवडाभरात हात टेकले. "दिवसभर ऑफिसात माणसं सांभाळायची आणि घरी येऊन पुन्हा माणसंच सांभाळायची?" म्हणाला. काकूने एकदा साचा पाण्यात ठेवला आणि सहज बघायला बसली. सगळ्यात खालच्या गटातला एक क्लब तिने निवडला, का तर त्याची जर्सी थेट हिरड्यांच्या रंगाची होती.

माझी आई तिची थोरली जाऊ. आई एका मोठ्या हॉस्पिटलची लॉन्ड्री सांभाळते आणि घरही त्याच खाक्याने चालवते. कोणत्या भिंतीला कोणता रंग, सुट्टीत कुठे जायचं, सोफा कुठे ठेवायचा, हे सगळं आई ठरवणार आणि काकू "बरं, वहिनी" म्हणणार. म्हणून काकू दबून होती असं मात्र नाही. तिने नोकरी सोडून घरी काम सुरू करायचं म्हटलं तेव्हा सगळ्यांनी नाकं मुरडली होती. आईने एक शब्द न बोलता स्वतःचं शिलाई मशीन वर हलवलं आणि तळमजल्याची खोली तिला रिकामी करून दिली.

तर ही आई एका दुपारी काहीतरी विचारायला खाली आली.

"हे काय, दिवसाढवळ्या ठिपके बघत बसलीस?"

"ठिपके नाहीत वहिनी, माझी माणसं आहेत."

आई स्टूल ओढून बसली. आठ दिवसांत तिने माझ्या लॅपटॉपवर तोच गेम घालून घेतला आणि त्याच गटातला दुसरा क्लब घेतला. तेव्हापासून दर रविवारी जेवणं आटोपली की टेबलाच्या एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला काकू, आणि मध्ये बाबा आणि काका प्रेक्षक म्हणून, असं सुरू झालं.

आईची रचना एकच. चार बचावपटू मागे, मग पत्त्यांतल्या चौकटसारखे चौघे मैदानाच्या मधोमध, आणि पुढे दोन स्ट्रायकर. कडेला विंगर म्हणून कोणीच नाही. "माणसं हाताशी असावीत," ती म्हणायची. "लांब गेली की कामं टाळतात."

या दाटीवाटीने काकूच्या नाकी नऊ आणले. चेंडू मधे आला की आईची चार माणसं त्यावर तुटून पडायची आणि हिसकावून सरळ पुढे द्यायची. काकू दर रविवारी हरायची. तिनेही मधे माणसं वाढवून पाहिली. नुसती झुंबड झाली आणि गोल पुन्हा आईचाच. मग तिने दोन विंगर खेळवले, एक तरणाबांड आणि एक पस्तिशीला टेकलेला, ज्याला विकून टाक असं सगळे सांगत होते आणि ज्याला कोणी विकत घेतही नव्हतं. तरी हरली.

"धाकटे, तुझी माणसं गुणी आहेत गं," आई म्हणाली. "फक्त गोल करत नाहीत." काका एवढा हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

काकू हसली, पण ते तिला लागलं. एरवी आम्ही सामन्यातले मोजके क्षणच बघायचो. त्या आठवड्यात एका वरच्या जबड्याचा साचा पाण्यात असताना तिने हरलेला सामना पहिल्यापासून लावला आणि सगळाच्या सगळा बघितला. मी चहा घेऊन खाली गेले तर ती पडद्याला नाक लावून बसली होती.

"हे बघ," ती म्हणाली. "हा माझा कडेचा गडी. चेंडू मिळाला. पुढे सगळं रान मोकळं. आणि जातो कुठे? आत, त्या गर्दीत. दर वेळी आत."

"मग?"

"मग काय, मीच सांगितलंय त्याला. त्याच्या कामात लिहिलेलंच आहे, आत वळायचं म्हणून. मी वाचलंच नाही."

मग तिने नीट डोकं लावलं. आईच्या प्रत्येक कडेला एकच बचावपटू, मदतीला कोणी नाही. म्हणजे तिथे आपले दोघे पाठवले की तो एकटा कोणाकोणाला अडवणार? तिने दोन्ही विंगरना रेषेला चिकटून राहायला सांगितलं. त्यांच्या मागच्या बचावपटूंना धावत वर जायची मोकळीक दिली. मधल्यांना सांगितलं, चेंडू घोळवू नका, या कडेवरून त्या कडेला पटकन फिरवा. एकाला मात्र मागेच ठेवलं, आईच्या चौकटच्या टोकावरच्या खेळाडूवर नजर ठेवायला. काकूचे स्वतःचे स्ट्रायकर बुटके होते, उंच चेंडू त्यांच्या डोक्यावरूनच जायचे. म्हणून कडेवरून चेंडू जमिनीलगत, मागे त्यांच्या पायाशी द्यायचा असं ठरलं.

रविवार उजाडला. काकूने जेवताना नव्या रचनेबद्दल ब्र काढला नाही.

पहिला गोल आईनेच केला, तोही नेहमीसारखा मधून घुसून. बाबांना राहवेना. "अगं, बदल काहीतरी."

"थांबा हो भावोजी."

काकूने काहीच बदललं नाही. चेंडू डावीकडे गेला की आईची चौकट डावीकडे धावायची. पोचेपर्यंत चेंडू उजवीकडे. पुन्हा सगळे तिकडे. मध्यंतरापर्यंत आईच्या मधल्या चौघांच्या नावांपुढच्या हिरव्या खुणा पिवळ्या पडायला लागल्या, म्हणजे ते दमत चालले होते. आई पुढे सरकून बसली.

उत्तरार्धात तो पस्तिशीचा विंगर रेषेवर चेंडू घेऊन उभा राहिला. आईचा बचावपटू त्याच्यावर गेला, तोवर मागून काकूचा बचावपटू धावत पुढे निघाला होता. विंगरने चेंडू त्याला दिला, त्याने खालून मागे ढकलला, आणि बुटक्या स्ट्रायकरने जाळ्यात घातला. बरोबरी. काकाने टेबलावर थाप मारली, काकूने फक्त चष्मा वर केला.

आता आई सावध झाली. तिने मधले दोघे कडांच्या मदतीला बाहेर पाठवले. काकू याचीच वाट बघत होती. मधे भगदाड पडलं आणि इतका वेळ मागे थांबलेला तिचा खेळाडू तिथूनच चेंडू घेऊन सरळ चालत गेल्यासारखा गेला. दोन-एक. आणि पंचाची शेवटची शिटी झाली.

आम्ही सगळे आईकडे बघत होतो. आईने लॅपटॉप थोडा मागे सारला.

"माझ्या कडा एवढ्या रिकाम्या होत्या," ती म्हणाली, "आणि तू इतके दिवस बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही भरल्या असत्या, वहिनी."

आईच्या ओठांचे कोपरे हलले आणि मग ती हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "बघितलंत?" बाबांना म्हणाली, "हिला मी शिकवलं." काकूने तेही नाकारलं नाही. तिचा चेहरा इतका खुलला होता की त्या क्षणी तिला कोणी काहीही म्हटलेलं चाललं असतं.

पुढच्या महिन्यात दोघींनी ठरवलं, खरा सामना बघायचा. आयुष्यात दोघींपैकी कोणीच फुटबॉलचं मैदान पाहिलं नव्हतं. आमच्या भागातल्या एका लहानशा क्लबची तिकिटं काढली आणि दोघी सिमेंटच्या पायऱ्यांवर उशा घालून बसल्या. मैदान बघून काकूने आ वासला. "एवढं लांब असतं? आणि मी त्या म्हाताऱ्याला दर रविवारी पळवते."

समोर दोन्ही संघ मधेच गर्दी करून खेळत होते. थोड्या वेळाने आई उठून उभी राहिली. "अरे, कडेला द्या! कडेला कोणी नाही!" काकूही उठली. पुढच्या रांगेतली माणसं आधी वळून बघायला लागली आणि मग तीही ओरडायला लागली. अर्ध्या तासात ती आख्खी बाजू "कडेला, कडेला" म्हणत होती. मैदानावर कोणी ऐकलं नाही. सामना गोलाविना सुटला.

परतताना दोघींचा आवाज पुरता बसला होता, तरी वाटभर वाद चालू होता, खुणांनी आणि घोगऱ्या शब्दांनी. सोमवारी आईने लॉन्ड्रीतलं सगळं काम हातवारे करूनच चालवलं, आणि तिथल्या बायका म्हणे एकमेकींना विचारत होत्या की आज बाई एवढ्या खुशीत कशा.