आहेर आणू नये

छपाईच्या यंत्रातून नुकत्याच बाहेर पडलेल्या कागदाला एक गंध असतो, जरा जळकट, जरा गोडसर. आणि हात लावला तर तापातून उठलेल्या माणसाच्या कपाळासारखा ऊन स्पर्श. चैत्र सरता सरता आमच्या वाशिमकडच्या मालेगावात ऊन सकाळी नऊलाच रस्त्यावर उतरतं, मोटारसायकलींच्या सीटांवर ओली फडकी पडतात, आणि बसस्टँडसमोरच्या माझ्या दुकानात लग्नपत्रिकांचा हंगाम सुरू होतो. गेली बारा वर्षं मी या तालुक्यातली लग्नं कागदावर लावते आहे. कोणत्या काकांचं नाव कोणाच्या वर घ्यायचं, मामांच्या यादीत सख्खे किती आणि मानलेले किती, यावर घरातली माणसं माझ्या काउंटरला रेलून तासतासभर वाद घालतात आणि मी पडद्यावर नावं वरखाली करत राहते. एक ओळ खाली गेलेल्या नावापायी लग्नाला न आलेली माणसं मला ठाऊक आहेत. इतकं ठाऊक असूनही गेल्या वर्षी माझ्या मुलीच्या, तेजूच्या पत्रिकेत तळाशी, मंगल कार्यालयाच्या पत्त्याखाली, जरा ठळक अक्षरांत मी चार शब्द टाकले. कृपया आहेर आणू नये.

कारण व्यावहारिक होतं. आमच्याकडे आहेराची साडी नेसत नाहीत, ती फिरवतात. एका लग्नात आलेलं पातळ घडी न मोडता दुसऱ्या घरच्या बारशाला जातं, तिथून तिसऱ्याच्या वास्तूला, आणि कधी कधी चार वर्षांनी फिरून मूळ मालकिणीकडेच येतं. माझी एक लोखंडी पेटी अशा साड्यांनी भरलेली होती; रंग कोणाच्याच आवडीचे नाहीत, पोत घाम न शोषणारा. हे थांबवणं मला शहाणपणाचं वाटलं, आजही वाटतं.

दुसरं कारण मी कोणाला सांगितलं नव्हतं. तेजूचे वडील गेले तेव्हा ती अकरा वर्षांची होती. तेरवीच्या दिवशी अंगणात पाट मांडून मला बसवलं, आणि माहेरचा म्हणून सगळ्यांत आधी दादाने, माझ्या थोरल्या भावाने, माझ्या खांद्यावर दुखवट्याची साडी ठेवली. मळकट पांढरी, काठाला राखी रेघ, खळीचा कडक वास. मग एकामागून एक माणसं येत गेली. प्रत्येक हात वस्त्र ठेवून मागे सरत होता आणि वजन वाढत होतं. त्यात कोणी वाईट नव्हतं. पण त्या ढिगाखाली बसल्या बसल्या मला एवढं कळलं, की मी यापुढे काय नेसायचं हे ठरून गेलं आहे आणि ते ठरवताना मला कोणी विचारलेलं नाही. रडू आलं नाही. ऊन पाठीवर होतं, आणि हा पाट कोणी तरी सावलीत सरकवायला हवा होता, एवढाच विचार मनात होता. पुढे टायपिंग शिकले, दुकान टाकलं, हव्या त्या रंगांच्या साड्या माझ्या मी आणल्या. खांद्यावर काय पडू द्यायचं हे ठरवण्याची मुखत्यारी मी अशी, धागा धागा जोडून मिळवली होती.

पहिली पत्रिका माहेरी द्यायची म्हणून वाशिमला गाडी बदलून रिठदला गेले. ओसरीत पंखा खडखडत होता. दादा पत्रिका वाचतो ती सातबारा वाचावा तशी, प्रत्येक नावावर बोट ठेवून. शेवटच्या ओळीवर त्याचं बोट थांबलं. त्याने ती मोठ्याने वाचली आणि वहिनी हातातली परात ठेवून दारात आली.

“आमाले बी का?” तिने विचारलं.

“सगळ्यांनाच, वहिनी. एकाचा घेतला की दहांचा घ्यावा लागतो.”

“मंग अक्षता तरी टाकू देता, का त्याबी घरीच ठिवून येऊ?”

आम्ही दोघी हसलो. दादा हसला नाही. पत्रिकेची घडी करून त्याने ती खिशात ठेवली आणि म्हणाला, “बरं.” चहा झाला, उन्हाची तिरीप उंबऱ्यावरून सरकली, मी परतीची गाडी पकडली. काम झालं होतं.

मंगलाष्टकांना नवरीने मामाने आणलेली पिवळी साडी नेसायची असते. नियम सर्वांना सारखा, म्हणून ती मीच वाशिमच्या दुकानातून आणून ठेवली. लग्नाच्या दिवशी दादा आला. वेळेवर, वहिनीसह, रिकाम्या हातांनी. मागच्या रांगेत, कुलरचा वारा पोहोचत नाही अशा खुर्चीवर बसला. “नवरीचे मामा कुठं हायेत?” अशी हाक माइकवरून झाली तेव्हा उठला, तेजूला हाताला धरून मांडवात आणलं, अष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी ताठ उभा राहिला, अक्षता टाकल्या, पंगतीत जेवला, हात धुतले. बिदाईपर्यंत तरी थांब, असं मी म्हटलं.

“साडेतीनची गाडी हाय. येतो, सुमन.”

आमच्याकडे मामा रुसल्याशिवाय लग्न पार पडत नाही. टोपी हलकी निघाली म्हणून, हळदीला हाक मारली नाही म्हणून, काहीच सापडलं नाही तर मठ्ठ्यात मीठ कमी होतं म्हणून. मग चार बायका जातात, त्याला ओढून आणतात, तो ‘मी नाई येत’ म्हणत म्हणत येतो, आणि सगळ्यांना बरं वाटतं. दादा रुसला नाही. मी छापलेल्या चार शब्दांचं त्याने पालन केलं, आणि पालन करणाऱ्याची समजूत काढता येत नाही.

लोकांनी कौतुक केलं. त्याच उन्हाळ्यात दोघातिघांनी दुकानात येऊन सांगितलं, “ताई, तुमच्या कार्डावर होती तशी ओळ टाका.” मी टाकून दिली. पाऊसकाळ आला, सोयाबीन गुडघ्याएवढं झालं. राखीला दरवर्षी येणारा दादा त्या वर्षी फोनवर म्हणाला, फवारणी चालू हाय, जमत नाई. दुकानात मी सरकारी अर्जही भरून देते; त्याच्या पीकविम्याचा अर्ज दरवर्षी मीच भरायची. त्या खेपेला तो रिसोडच्या कोणत्या तरी दुकानातून भरला गेल्याचं मला पडद्यावर दिसलं. दुखलं का, असं कोणी विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते, आणि ते खरं होतं. दाढ काढण्याआधी सुई देतात, मग गाल आपला असून आपला राहत नाही. तसे ते महिने गेले. दुकान उघडलं, बंद केलं, कागद भरले, शाई भरली.

दिवाळीत तेजू अकोल्याहून आली. लक्ष्मीपूजनाला ती पिवळी साडी नेसून बाहेर आली; मी आणलेली नव्हे, दुसरी, जाड सुताची, हिरव्या काठांची.

“मामाची,” ती म्हणाली, जणू विचारण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

श्रावणात ती नवऱ्याला घेऊन रिठदला गेली होती. पाणी पिऊन होत नाही तोच तिने विचारलं होतं, मामा, माझी साडी कुठं आहे? तुह्या मायनं तर नाई म्हनलं होतं, असं वहिनी म्हणाली. आई म्हणाली असेल, मी कधी म्हटलं, असं हिचं उत्तर. वहिनीने पेटी उघडून साडी काढायला एक मिनिटही लावलं नाही. सोयरीकही जुळली नव्हती तेव्हाच दादाने ती घेऊन ठेवली होती.

पणतीत तेल घालता घालता तेजू म्हणाली, “तुला नको होतं ते तुझं बरोबरच होतं, आई. पण लग्न माझं होतं ना. मला कुठं विचारलंस?”

आवाजात तक्रार नव्हती. वात तिरपी झाली होती, ती तिने बोटाने सरळ केली. मी पुढची पणती तिच्यासमोर सरकवली. न विचारता ठरवलं जाणं काय असतं हे माझ्याइतकं या घरात कोणाला माहीत होतं?

त्यानंतर मी या गोष्टीकडे धंद्यातल्या चुकीसारखं पाहून बघितलं. चूक सापडली की पान दुरुस्त करून पुन्हा काढायचं, एवढंच मला येतं. इथे पान दुरुस्त होत नव्हतं. नाकारणं माझ्या एकटीच्या हातात होतं आणि मी ते नीट केलं. पण नाकारलेलं परत मिळणं माझ्या हातात नव्हतं. त्यासाठी समोरच्याच्या मनात पुन्हा देण्याची इच्छा उगवावी लागते, आणि ती काही मला ठरवता येत नाही. तेजूने हक्काने मागितलं आणि तिला मिळालं. माझ्याकडे हक्क होता तो फक्त नको म्हणण्याचा, आणि तो आता सगळा वापरून झाला होता. आताशा पत्रिकेवर तीच ओळ मागायला कोणी आलं की मी विचारते, नवरीला विचारलं का, मामाला विचारलं का. लोक हसतात. मी ओळ टाकून देते.

फाल्गुनात, दुकान एक दिवस बंद ठेवून, रिठदला गेले. काय काम काढून जायचं हे गाडीत ठरवू म्हटलं होतं, ते काही ठरलं नाही. घराला कडी होती. सगळे वावरात होते. धुऱ्याच्या, वावराच्या बांधाच्या, अलीकडेच वास आला, शिजत्या हळदीचा, मातकट, उष्ण, डोळ्यांत पाणी आणणारा. दोन लोखंडी पिंपांतून वाफ उठत होती, पलीकडे वहिनी चार बायकांबरोबर ओल्या गड्ड्या मोडत बसली होती. तिने मान वर केली, पदराने कपाळ पुसलं, आणि बायकांपैकी कोणाला तरी म्हणाली, “पाह्यलं का, आमच्या नणंदबाई आल्या. आता वळखून घ्या, मंग नाई दिसत.”

बायका हसल्या. मीही हसले असेन.

दादाने काहून आली हे विचारलं नाही. शिजलेली हळद वाळत घालायला तो एक मोठी निळी ताडपत्री उलगडत होता. वारा सुटला होता आणि ती एकट्याच्या हाती लागत नव्हती. त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं, “चपला काढ. तिकडचं टोक धर.”

मी चपला काढल्या. जमीन तापलेली होती. टोक धरून मी मागे सरत गेले, वाऱ्याने ताडपत्री पोटात फुगली, ती खाली बसावी म्हणून मी सगळा जोर लावून ओढली.

“वढू नको इतली,” दादा पलीकडून ओरडला. “फाटन ना थे.”

मी हात सैल केला. किती सैल, ते कळत नव्हतं.