नवरदेव मास्तरच हाय

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचतो, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. कुणाला पांढरी सावली दिसली, कुणाला मागून हाक आली... वाचता वाचता मी मनात लगेच शोधायला लागतो, की प्रत्यक्षात काय झालं असेल. नाशिकच्या अंबड भागातल्या एका कंपनीत मी क्वालिटी विभागात आहे. माल का बिघडला, हे शोधणं हेच माझं रोजचं काम. कारण असतंच, सापडायला वेळ लागतो एवढंच, असं मी मानत आलो. म्हणून हे लिहू की नको, यात बरेच महिने गेले.

माझं गाव निफाड तालुक्यात. आई मी लहान असतानाच गेली. घरात आम्ही दोघंच – मी आणि वडील. त्यांना मी दादा म्हणायचो. दादा द्राक्षबागांमध्ये छाटणीच्या टोळीबरोबर जायचे. त्यांना अक्षरओळख नव्हती. मी आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट, तो त्यांच्यामुळे आणि आमच्या शाळेतल्या गुरुजींमुळे. गुरुजी शाळेच्या कपाटातली पुस्तकं मला घरी न्यायला द्यायचे आणि बजावायचे, "मोठ्यानं वाच. बापालाही ऐकू दे." त्या कपाटात का कोण जाणे, निम्म्याहून जास्त रहस्यकथा होत्या. दादांना त्यांचं वेडच लागलं.

आमची एक रीत ठरून गेली होती. शेवटचं प्रकरण आलं की पुस्तक मिटायचं, चहा टाकायचा, आणि दादांनी सांगायचं की खून कुणी केला. 'खुनी' हा शब्द त्यांना घरात नको असायचा. ते म्हणायचे 'नवरदेव'.

"सगळी वरात त्याच्यासाठी, आन् त्याचंच तोंड मुंडावळ्यांमागं. मग नवरदेवच की त्यो."

त्यांचा अंदाज बहुतेक वेळा चुकायचा. गोष्टीत जो गोड बोलेल त्याच्यावर त्यांचा संशय. चुकले की मांडीवर थाप मारून म्हणायचे, "लय बेरकी हाय लिहिनारा." टीव्हीवर तसला सिनेमा लागला तर तोही बघायचे, पण तक्रार करत. "पिच्चर आपल्यासाठी थांबत नाय, सुन्या. आपुन इचार करूस्तोवर पोलीस त्याला धरतो बी."

कॉलेजात असताना मी एकदा विचारलं होतं, की खुनाच्या गोष्टीत एवढं काय आवडतं तुम्हाला? कात्रीला धार लावता लावता म्हणाले, "आपल्याकडं मानूस मेला की मेला. कोन इचारतंय कसा मेला? हितं बघ, एका म्हाताऱ्यापायी दहा जनांना बोलवून बसवलंय. बरं वाटतं."

दोन वर्षांपूर्वी दादा बागेतच बसल्या जागी गेले. डॉक्टर म्हणाले, हार्ट. कुणी काही विचारलं नाही, आणि विचारण्यासारखं काही नव्हतंही. तेरावं उरकून मी नाशिकला परत आलो.

पाथर्डी फाट्याजवळ तिसऱ्या मजल्यावर माझी भाड्याची खोली आहे. कामावर माणसं असतात, पण रविवार फार मोठा वाटायचा. मग मी लायब्ररीतून रहस्यकथा आणायला लागलो आणि दुपारी मोठ्यानं वाचायला लागलो. मनातल्या मनात वाचायची सवयच नव्हती मला. शेवटच्या प्रकरणाशी थांबून चहाही करायचो. एकच कप. ऐकायला कोणी नाही हे मला पक्कं माहीत होतं, तरी तिथं थांबल्याशिवाय पुढचं वाचवत नसे.

माझ्या भिंतीला भिंत लागून कुलकर्णी काकू राहायच्या. वय सत्तरीच्या पुढे, मुलगा पुण्याला. जिन्यात भेटलो तर गॅसवाला आला का, पाणी किती वाजता जाणार, एवढंच बोलणं. माझ्या दारात त्या एकदाच आल्या. तो सोमवार होता, मी नुकताच कामावरून आलो होतो. हातात वाटीत साखर.

"घे, तोंड गोड कर. मला सांगितलं नाहीस ना?"

"काय काकू?"

"बहिणीचं जमलं ते. काल दुपारी ऐकलं मी. मुद्दाम नाही हं ऐकलं, भिंतीच तसल्या आपल्या बिल्डरच्या."

"मला बहीण नाही काकू."

"मग मामेबहीण असेल. नवरदेव मास्तर आहे ना? चांगलं आहे की. हल्ली मास्तरला पगार बरा असतो."

मी वाटी आत ओट्यावर ठेवून आलो. त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही.

"अरे, ते तुझ्याकडे आलेले गृहस्थ म्हणत होते ना. 'नवरदेव मास्तरच हाय'. दोनदा म्हणाले. गावाकडचे दिसतात. वडील का तुझे?"

मी 'हो' म्हणालो. का म्हणालो, सांगता येत नाही.

आदल्या दिवशी, रविवारी, मी एका जहागीरदाराच्या खुनाची गोष्ट वाचत होतो. त्यात एक मास्तर होता. गरीब, अदबीनं बोलणारा. शेवटच्या प्रकरणाशी थांबलो, चहा घेतला, आणि कंटाळा येऊन तसाच झोपलो. पुस्तक खाटेवर तसंच पडलं होतं. माझा स्वतःचा संशय जहागीरदाराच्या पुतण्यावर होता. मास्तराचा विचारही माझ्या मनात आला नव्हता. आणि 'नवरदेव' हा शब्द या अर्थाने जगात दोनच माणसांना माहीत होता, त्यातला एक मी.

काकू गेल्यावर मी उभ्या उभ्या ते शेवटचं प्रकरण वाचून काढलं.

मास्तर नव्हता. खून वैद्याने केला होता.

मंडळी, मला भीती वाटायला हवी होती. पण मी खाटेवर बसून हसत राहिलो आणि मग पुष्कळ वेळ रडलो. सगळं जाणणारं भूतबीत असतं तर त्यानं बरोबर नाव सांगितलं असतं. चुकणारे दादाच.

त्यानंतर माझ्या पद्धतीने सगळं तपासलं. वॉचमनला विचारलं, रविवारी माझ्याकडे कोणी आलं नव्हतं. काकूंचा टीव्ही तेव्हा बिघडलेला होता. झोपेत मीच बोललो असेन म्हणावं, तर काकू आवाज जाड आणि म्हाताऱ्याचा सांगत होत्या. पुढचे सगळे रविवार मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून वाचलं. त्यात माझा आवाज, पलीकडच्या कुकरच्या शिट्ट्या, आणि मी थांबतो तिथं पंख्याची घरघर. बाकी काही नाही. ज्याच्यासाठी मी जीव टाकत होतो तो आवाज भिंतीपलीकडच्या परक्या बाईला ऐकू आला, मला नाही. वडील हयात नाहीत हे मी काकूंना सांगितलं नाही. एकट्या राहणाऱ्या बाईला कशाला घाबरवायचं?

मार्चमध्ये मुलगा त्यांना पुण्याला न्यायला आला. टेम्पोत सामान चढवायला मीही गेलो होतो. निघताना त्यांनी मला जिन्याखाली थांबवलं.

"वडिलांना माझा नमस्कार सांग. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून रविवार मी तुमच्यावर काढले बघ."

"आमच्यावर?"

"तू वाचायचास, ते मधून मधून 'हूं' म्हणायचे. लहानपणी आम्ही गोष्ट ऐकताना म्हणायचो तसं. 'हूं' आलं नाही तर सांगणारा पुढे जायचा नाही. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चालायचं ते. भिंतीपलीकडे माणसं आहेत असं वाटायचं रे. बरं वाटायचं."

"दर रविवारी?"

"मी घरात होते तेवढे सगळे."

मुलानं हॉर्न वाजवला. "सांगतो नमस्कार," असं मी म्हणालो.

याचा उलगडा माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर कळवा, पण मला तो हवाय का, हे आता मलाच नक्की माहीत नाही.

पलीकडची खोली अजून रिकामी आहे. काकू गेल्या त्यानंतरच्या पहिल्या रविवारी नवीन पुस्तक उघडण्याआधी मी भिंतीकडे नाही, समोरच्या खुर्चीकडे बघून म्हणालो, "दादा, शेजारच्या काकू पुण्याला गेल्या. तुम्हाला नमस्कार सांगितलाय."

थोडा वेळ थांबलो. मला काही ऐकू आलं नाही. मग वाचायला लागलो – नेहमीपेक्षा जरा सावकाश, प्रत्येक वाक्यानंतर कुणाला 'हूं' म्हणता येईल एवढी जागा ठेवून.