लासुर्ण्याच्या बँडचा अल्बम आणि माझा उजवा हात

चहा आधी खाली ठेवा, मग सांगतो. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा आमच्या मेव्हण्यांच्या नाकातून चहा आला होता आणि त्यांचा चष्मा मलाच पुसून द्यावा लागला. फजिती माझीच आहे, तेव्हा हसायला कुणाची परवानगी नको.

बारामतीत माझं चष्म्याचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत काय आहे ते मात्र फक्त घरच्यांना माहीत आहे, आणि त्यांना ते आवडत नाही. तिथे माझे अल्बम आहेत. तबकड्या, कॅसेटी, सीड्या. गझल, अभंग, लावणी, कव्वाली, जाझ, रॉक, जे मिळेल ते. लोक गाणी ऐकतात. मी गाणी ऐकतोच, पण वर अल्बमच्या मागचा बारीक मजकूरही वाचतो. तबला कुणाचा, बासरी कुणाची, ध्वनिमुद्रण कुठल्या स्टुडिओत झालं. अगदी दुकानातलं भिंग आणून वाचतो. एखादा माणूस जन्मभर दुसऱ्याच्या गाण्यात खंजिरी वाजवतो आणि त्याचं नाव छापतात मुंगीच्या पायाएवढं! ते कुणीतरी वाचायला नको का?

आता तुमच्यापासून काय लपवू? त्या बारीक अक्षरांत एकदा तरी आपलं नाव यावं अशी माझी फार जुनी हौस. पण वाजवता काही येत नाही. गाण्याचं म्हणाल तर बायको म्हणते, आंघोळीच्या वेळी नळ जरा मोठा सोडत जा. पण 'संकल्पना आणि मार्गदर्शन' अशी एक ओळ असते बघा. तिच्यासाठी काहीच यावं लागत नाही. माझा डोळा त्या ओळीवर होता.

आणि संधी आपल्या पायांनी चालत घरी आली.

माझी बायको शैला लासुर्ण्याची. तिचे मामा, नाना मास्तर, तिथल्या बँडचे मालकही आणि क्लॅरिनेटवालेही. इंदापूर ते बारामती या पट्ट्यातले अर्धे संसार त्यांच्या क्लॅरिनेटवर सुरू झालेत. माझाही झाला, पण त्याला त्यांचा इलाज नव्हता. तर हे नाना एका मंगळवारी दुकानात आले आणि स्टुलावर बसून राहिले. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. त्यांनी तोंड उघडून पुढचे दोन दात बोटाने हलवून दाखवले.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, येत्या सोमवारी वरचे सगळे दात काढायचे आणि मग कवळी. क्लॅरिनेट वरच्या दातांखाली धरून वाजवायचं असतं. कवळीवर ते जमेल का, हे डॉक्टरांना सांगता येईना आणि नानांना विचारवेना.

"जावईबापू, चाळीस वर्सं वाजवलं," नाना म्हणाले. "पर माजं मी कदी ऐकलंच न्हाय. वरातीत नुसता गलका आसतो. सोमवारच्या आदी एकदा कुटंतरी नीट धरून ठिवा."

मी काउंटरमागून उठून त्यांच्याजवळ जाऊन बसलो. आणि खोटं कशाला बोलू, त्याच क्षणी मला ती ओळही दिसली. संकल्पना आणि मार्गदर्शन. मी म्हणालो, नाना, मोबाइलवर नुसतं धरून ठेवायचं नाही. आपण स्टुडिओत अल्बम करायचा. सगळं माझ्यावर सोडा.

हे 'माझ्यावर सोडा' जेव्हा जेव्हा मी म्हणालोय ना, तेव्हा तेव्हा घरात काहीतरी फुटलंय. पण नानांना ते कुठून माहीत असणार?

बारामतीलगत जळोचीत नव्या इमारतींमध्ये अमोल नावाच्या मुलाचा स्टुडिओ आहे. दोन खोल्या, मध्ये मोठी काच. अलीकडच्या खोलीत अमोल आणि त्याची यंत्रं, पलीकडे वाजवणारे. रविवारचा एकच दिवस मोकळा होता. रविवार धरला.

सकाळी टेम्पोतून अकरा जण उतरले. पूर्ण पोशाखात. लाल कोट, सोनेरी दोऱ्या, डोक्यावर टोप्या. अमोल म्हणाला, काका, इथे बघायला कोण येणार आहे? ड्रमवाले बापू त्याला समजावत म्हणाले, "कोट आसल्याबिगर हात चालत न्हाय आमचा."

मग मी भाषण केलं. मोठमोठे अल्बम कसे झाले, कोण किती दिवस स्टुडिओत राहिलं, कुणी एकेक वाद्य सुटं सुटं कसं घेतलं, सगळं सांगितलं. अकरा लाल कोट माना डोलवत होते. जावई बोलतोय म्हटल्यावर काय करतील बिचारे? मी शैलाचा नवरा, म्हणजे सगळ्या लासुर्ण्याचा जावई. माझ्या ताटात चटणी जास्त झाली तर गाव हळहळतं. तर भाषणाबरहुकूम आधी बापूंना एकट्याला आत बसवलं, कानाला हेडफोन लावला. त्यांनी दोनदा तो काढून दाराबाहेर बघितलं. त्यांना वाटलं, कुणीतरी हाक मारतंय. मग सुटं सुटं प्रकरण सोडून दिलं आणि सगळ्यांना एकत्र उभं केलं.

आता चित्र नीट डोळ्यांपुढे आणा, कारण सगळी गंमत इथेच आहे. अमोल संगणकाच्या पडद्याकडे तोंड करून बसलेला. त्याच्या मागे मी उभा. अमोलला मी दिसत नाही, पण काचेपलीकडच्या बँडला मी डोक्यापासून कमरेपर्यंत दिसतोय.

पहिली चाल सुरू झाली. आणि काय सांगू! चाळीस वर्षं गलक्यात बुडालेलं ते क्लॅरिनेट मी पहिल्यांदा एकटं, स्वच्छ ऐकत होतो. नाना वर वर चढत गेले, एका सुरावर क्षणभर ठरले, आणि माझा उजवा हात आपोआप वर गेला. मैफलीत जाणकार करतात ना, तसा. वाहवा!

बँड थांबला. एकदम, सुरी फिरवल्यासारखा.

अमोलने मागे वळून विचारलं, काय झालं? तोवर माझा हात खाली आला होता. मी आत आवाज जाण्याचं बटण दाबलं आणि म्हणालो, मंडळी, छान चाललं होतं, न घाबरता वाजवा. सगळे म्हणाले, व्हय व्हय. पुन्हा सुरुवात. पुन्हा नाना चढले, पुन्हा तो सूर, पुन्हा माझा हात, पुन्हा शांतता.

मी आत जाऊन आणखी एक भाषण केलं. स्टुडिओची भीती भल्याभल्यांना कशी वाटते, पहिल्या दिवशी कुणाकुणाला घाम फुटला होता वगैरे. चाल बदलून बघितली. ती तर आणखीच सुंदर निघाली, त्यामुळे आणखी लवकर थांबली. एकदा त्यांनी वाईट सुरुवात केली, तेव्हा मात्र बराच वेळ वाजवत राहिले! माझ्यासारख्या विद्वानाच्या डोक्यात तेव्हा तरी प्रकाश पडायला हवा होता की नाही? नाही पडला.

सहाव्या वेळेनंतर नाना क्लॅरिनेट घेऊन बाहेर गेले. मी मागे गेलो तर जिन्याच्या पायरीवर बसून जिभेने दात चाचपत होते.

"तुमचा काय दोस न्हाय, जावईबापू," ते म्हणाले. "दातच गेल्यात. सूर कुटनं लागंल? ऱ्हाऊ द्या आता."

मला फार वाईट वाटलं. माणूस एवढा सुंदर वाजवतोय आणि स्वतःच खचतोय, याचा अर्थच लागेना. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, नाना, पोरं थांबतात, तुम्ही नाही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी खांद्यावरचा हात काढून घेतला.

तेवढ्यात शैला आली. बरोबर एकावर एक चार कप्प्यांचा मोठा स्टीलचा डबा. भाकरी, पिठलं, ठेचा आणि वर नानांसाठी दातांना सोसेल असा शिरा. तिने सगळ्यांचे चेहरे बघितले आणि म्हणाली, जेवायच्या आधी एकदा वाजवा, मला ऐकायचंय. भाचीचा शब्द नाना मोडत नाहीत. उठले.

वाजायला लागलं, सूर लागला, हात वर गेला, बँड थांबला. शैलाने काचेकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे.

"अहो, तुमी हात कशाला वर करताय?"

"दाद देतोय."

"दाद? लग्नात मंगलाष्टकं लागायच्या आदी कुणीतरी मोठं माणूस हात वर करतं. तवा बँड काय करतो?"

तुम्ही हसताय, मला कळतंय. पण माझ्या जागी उभे राहा जरा. बारामतीत माझ्या दुकानाच्या पाटीवर काय लिहिलंय माहीत आहे? 'स्पष्ट दिसेल.'

मी आत गेलो आणि बापूंना विचारलं, अहो, एका शब्दाने सांगायचं होतं ना! बापूंनी टोपी काढून हातात धरली. जावयाला कसं म्हणायचं, की हात खाली घ्या? त्यांना वाटलं, पाव्हण्यांना पसंत पडत नाहीय, म्हणून ते थांबवतायत.

नाना कोपऱ्यातून पुढे आले. "म्हंजी तुमाला आवडत हुतं?"

"आवडलं म्हणूनच हात वर जात होता, नाना."

"सा येळा?"

"आता धरून सात वेळा."

नाना हसले. ते दोन हलते दात दाखवत, पोट धरून, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग त्यांनी क्लॅरिनेट कोटाला पुसलं आणि ताठ उभे राहिले. मी एवढा ओशाळलो होतो आणि तरीही मला इतका आनंद क्वचितच झाला असेल.

शैलाने मात्र माझ्यावर विश्वास ठेवला नाही. तिने तो भरलेला डबा माझ्या दोन्ही हातांत दिला आणि बजावलं, की बँड वाजतोय तोवर हा खाली ठेवायचा नाही.

मग वाजवलं हो त्यांनी! जेवण विसरून वाजवलं. देवक, हळद, परण्या, वरात, सगळ्या चाली एकापाठोपाठ एक. उभ्याउभ्या पाय आपटत, बापूंचा ड्रम, पोरांचे ट्रम्पेट, कोपऱ्यातला खुळखुळा आणि सगळ्यांच्या वर नाना. अमोल खुर्चीत नाचत होता. माझा हात दर मिनिटाला वर जायला बघायचा आणि डब्याच्या वजनाने जागेवर यायचा.

शेवटी वरातीची चाल लागली. वाजली, छान वाजली, पुरेशी वाजली. आणि थांबेना! अमोल बोटाने खुणा करतोय, पण त्याच्याकडे कोण बघणार? अकराच्या अकरा जण माझ्याकडे बघतायत. आणि मी सज्जनासारखा डबा धरून उभा. नाना लाल झाले, त्यांच्या कोटासारखे. शैला ओरडली, "आता करा की वर!"

केला. जोरात केला. डबा एका हातात राहिला, कलंडला, चारही कप्पे कड्यातून सुटले आणि एकामागून एक फरशीवर आदळले. मधलं दार मगाशी शैलाने वारा जायला म्हणून उघडं ठेवलेलं. बँड त्याच क्षणी, अगदी समेवर थांबला. झाकण मात्र बराच वेळ गरगरत राहिलं.

पिठल्यात उभा राहून अमोल म्हणाला, एवढा शेवट कापून टाकू. नानांनी आधी हेडफोन कानाला लावला आणि सगळा अल्बम पहिल्यापासून ऐकला. डोळे मिटून, मान किंचित हलवत, चाळीस वर्षांत पहिल्यांदा. शेवटचा आवाज आला तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"कापू नगा," ते म्हणाले. "वरात दारात पोचली की दणका लागतोच."

सोमवारी दात गेले. पण अल्बम असा पसरला म्हणता! गेल्या गळीत हंगामात भवानीनगरच्या रस्त्याला उभे राहिला असतात, तर उसाच्या दर दुसऱ्या ट्रॅक्टरवर नाना. परवा तर एका लग्नात नवरदेवाच्या मित्रांनी हट्ट धरला, की शेवटी डबा पडलाच पाहिजे. नानाही नव्या कवळीवर पुन्हा वाजवायला लागलेत. थोडी शिट्टी येते, पण ते म्हणतात, अल्बमात नीट हाय, आता वरातीत कसंबी चालतं.

अल्बमचं छापलेलं पाकीट घेऊन नाना स्वतः दुकानात आले. मी घाईघाईने भिंग काढलं. बारीक अक्षरं. क्लॅरिनेट, ड्रम, ट्रम्पेट, खुळखुळा, एकेकाचं नाव, एकालाही वगळलं नव्हतं. खाली माझी ती ओळ, संकल्पना आणि मार्गदर्शन. पुढे नाव होतं, शैला.

मी भिंग खाली ठेवलं. नाना म्हणाले, "तुमचं बी हाय की. त्याला भिंग नगं, खाली बगा."

सगळ्यात खाली, बोटभर उंचीच्या लाल अक्षरांत छापलं होतं, 'डबा : जावईबापू'.